अंगठ्याचा ठसा आणि न्यायालयाचा संकोच

१८९७ साली कलकत्त्यास गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांचे दप्तर सुरू झाले. १०२४ कप्प्यांतील ही वर्गीकरणपद्धती हेन्री यांच्या नावाने प्रसिद्धी पावली. तिच्या घडणीत अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दुय्यम अधिकाऱ्यांचा केवढा वाटा होता, याचा पुष्कळदा विसर पडतो. त्याच सुमारास जलपैगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या कागदपत्रांतील बंगाली पंचांगावर उमटलेला तपकिरी ठसा कंगाली चरण या जुन्या चाकराच्या अंगठ्याशी जुळला. पूर्वीच्या चोरीमुळे तो दप्तरी होताच. १८९८ मध्ये न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी ठरविले, खुनाबद्दल मात्र नाही. ठसा हाताची साक्ष देतो, वार कोणी केला हे सांगत नाही. हा संकोच अज्ञानाचा नव्हे, विवेकाचाच म्हणावा लागेल. १८९९ च्या कायद्याने ठसेतज्ज्ञाचे मत पुराव्यात ग्राह्य ठरले.