नीरेच्या काठचं मीठ

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, तेव्हा १८७६-७७च्या दुष्काळाची धास्ती अजून लोकांच्या मनातून गेली नव्हती. पुढं भाटघरच्या धरणामुळं या कालव्याला बारमाही पाणी मिळालं. पुरंदर, बारामती, इंदापूरच्या ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. दुष्काळ हटला, असंच कुणालाही वाटावं.

पण थोड्याच वर्षांत सखल रानांतल्या विहिरींचं पाणी वर येऊ लागलं. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. लोक म्हणाले, रानात मीठ फुटलं. ऊस पिवळा पडला, मग गहू उगवेना, आणि शेवटी हरळीसुद्धा मागं हटली.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर १९१० साली एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. मीठ आकाशातून पडलेलं नव्हतं. कालव्यातून झिरपलेलं आणि पिकाला जादा दिलेलं पाणी खाली साचतं, पातळी वर येते, काळी माती ते वातीसारखं वर ओढते. ऊन पाणी नेतं, क्षार मागं ठेवतं. त्यात सोडियम वाढला की मातीचा चिखल होतो, सुकली की दगड. आपले शेतकरी तिला चोपण म्हणतात. अशा जमिनीत जिप्सम टाकतात, ताग-धैंचा गाडतात. ते योग्यच, पण सुटलेले क्षार वाहून जायला वाट नसेल तर सगळा खर्च मातीतच जातो. निचरा आधी, औषध नंतर.

मराठीत आपण खाल्ल्या मिठाला जागतो आणि माझ्या घरच्या दख्खनीत माणूस नमकहलाल असतो. दोन्हीकडं मीठ म्हणजे इमान. रानातलं मीठ मात्र इमान ओळखत नाही. ज्यानं पाणी जास्त दिलं तो वरच्या अंगाला सुखात असतो. मीठ फुटतं खालच्याच्या रानात.

इथंच खरी अडचण आहे. चर एकट्याचा असून चालत नाही. तो खालच्या मुरमापर्यंत खोल हवा आणि शेजाऱ्याच्या बांधाखालून ओढ्यापर्यंत जायला हवा. शेजारी नाही म्हणाला की काम थांबलं. क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवर निचऱ्याची कामं केली, त्याआधी विश्वेश्वरय्यांनी नीरेवर पाळीनं ऊस फिरवणारी ब्लॉक पद्धत आणली. म्हणजे शहाणपण नव्हतं असं नाही.

तरीही स्वातंत्र्यानंतर कृष्णाकाठी उपसा योजना झाल्या, आणि सांगली-कोल्हापूरच्या मळ्यांत तोच पांढरा थर आला. पाणी वर चढवायला कर्ज मिळालं. खाली उतरवायचा खर्च हिशेबातच नव्हता. यात शेतकऱ्याला अडाणी ठरवणं मला पटत नाही. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसला की आलेलं पाणी कोण सोडील?

अलीकडं शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकल्या. चोपण पडलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. त्या नळ्यांचं पाणी मात्र ओढ्यातून पुन्हा नदीलाच मिळतं, आणि खालच्या गावचे पंप त्याच नदीवर आहेत.