घडी कोणी घातली?

सौंसर माझं माहेर आणि पांढुर्णा सासर. लग्न होऊन इकडे आले तेव्हा शेजारणी थट्टेनं म्हणत, "सौंसरहून सासरी आली, एक अक्षर तेवढं बदललं." पण बदललं ते पुष्कळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात काय होतं, हे माहेरी नुसतं ऐकलं होतं. इथं आल्यावर ते दरवर्षी कानावर आदळू लागलं.

बहुतेक वर्षी त्याच तिथीला, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमचं पर्युषणातलं महावीर जन्मवाचन येतं. त्रिशलामातेची चौदा स्वप्नं वरून दोरीनं हळूहळू खाली सोडतात. गज, वृषभ, सिंह, लक्ष्मी, एकेक स्वप्न खाली येताना सगळ्यांच्या माना वर होतात. आणि त्याच दुपारी तिकडे जाम नदीच्या पात्रात गोटमार चाललेली असते. मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधे दगडांचा पाऊस. दोन्हीकडे डॉक्टर मलमपट्टीला बसलेले असतात. एकीकडे दोरी हातातून सुटू नये म्हणून जपणारे हात, दुसरीकडे दगड भिरकावणारे हात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा डोळा त्या दगडानं गेला. तेव्हापासून 'धाडस' हा शब्द कोणी कौतुकानं उच्चारला की मी जरा थांबतेच.

म्हणून मागच्या दिवाळीत भाचीचा फोन आला तेव्हाही मी थांबले. "मावशी, मला विंगसूट शिकायचाय."

ही पोरगी पुण्यात नोकरी करते. मध्य प्रदेश पर्यटनाच्या महोत्सवात उज्जैनजवळ दतानाच्या हवाईपट्टीवर ती विमानातून उडी मारून आली होती. ती उडी दोघांची असते. शिक्षकाच्या छातीशी आपल्याला पट्ट्यांनी बांधलेलं असतं, छत्री त्याची, जबाबदारीही त्याची. दहा हजार फुटांवरून ती खाली आली आणि तिचं मन मात्र वरच राहिलं. बहिणीनं मला गळ घातली, "तू इतिहास शिकवलास ना जन्मभर? तूच समजाव तिला."

सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. वय पंच्याऐंशी, कान मात्र तिखट. म्हणाल्या, "काहून वं, तिले जमिनीवर काय कमी हाय?"

मी समजावायला म्हणून वाचायला बसले. वाचता वाचता माझीच समजूत बदलली. ती कशी बदलली, तेच इथं सांगते.

छत्रीचा इतिहास मला आधी बाप्यांचाच वाटला होता. 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ फुग्यातून रेशमी छत्री घेऊन खाली उतरला. छत्रीच्या माथ्याला हवा निघून जायला भोक नव्हतं, त्यामुळे पाळण्यासारखे हेलकावे खात, ओकारी येईस्तोवर झुलत तो जमिनीला लागला. पण दोनच वर्षांनी, 1799 मध्ये, त्याची शिष्या आणि पुढे पत्नी झालेली जान-जेनेव्हिएव्ह लाब्रोस अशीच उतरली. छत्रीनं उतरणारी ती पहिली बाई.

माझा जीव खरा गुंतला तो जर्मनीच्या केटे पाउलुसमध्ये. जन्म 1868 चा, पोटासाठी शिवणकाम करणारी. हेर्मान लाटेमान या फुगेवाल्याशी तिचं लग्न ठरलं होतं, दोघं मिळून उड्यांचे खेळ करत. 1894 मध्ये एका खेळात ती आधी उडाली, तिची छत्री उघडली. मागून त्यानं उडी घेतली आणि त्याची उघडली नाही. हवेत तरंगत असतानाच तिनं त्याला पडताना पाहिलं.

एखादी असती तर तिनं सुई आणि आकाश दोन्ही सोडलं असतं. केटे काही काळानं परत वर गेली. पण आता तिचं लक्ष कापडाच्या घडीवर बसलं. छत्री नीट घडी करून पिशवीत बसवायची, म्हणजे दोऱ्या एकमेकींत न गुंतता क्रमानं बाहेर येतील. पहिल्या महायुद्धात तिनं जर्मन सैन्यासाठी सुमारे 7000 छत्र्या तयार केल्या. टेहळणीच्या फुग्यांतून किती जणांचे जीव त्या छत्र्यांनी वाचवले असतील! ती स्वतः 1935 पर्यंत जगली.

तिकडे अमेरिकेत जॉर्जिया ब्रॉडविक नावाची पोर होती. चणीनं इतकी लहान की लोक तिला 'टायनी' म्हणत. सूतगिरणीत राबणारी, कोवळ्या वयात लग्न आणि पदरी लेक. 1908 मध्ये, पंधराव्या वर्षी, तिनं फुग्यातून पहिली उडी घेतली आणि 1913 मध्ये विमानातून. त्या काळी छत्री उघडणारी दोरी विमानालाच बांधलेली असे. 1914 मध्ये सैन्याला प्रात्यक्षिक दाखवताना ती दोरी विमानाच्या शेपटीत अडकली. पुढच्या उडीला टायनीनं दोरी कापूनच टाकली. काही क्षण मोकळी पडली आणि मग उरलेला तुकडा स्वतःच्या हातानं ओढून छत्री उघडली. आज ज्याला स्कायडायव्हिंग म्हणतात, त्याची सुरुवात एका गिरणीकामगार बाईच्या अशा शांत डोक्यातून झाली. ती 1978 पर्यंत जगली.

आणखी एक गोष्ट मला आपल्या घरच्या दृष्टीनं फार बरी वाटली. जुन्या छत्र्या रेशमाच्या. रेशीम म्हटलं की उकळत्या पाण्यातले किडे आठवतात, म्हणून आमच्याकडे पूजेलासुद्धा रेशीम नको म्हणणाऱ्या बायका आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम मिळेना, तेव्हा नायलॉन पुढे आलं. नायलॉनच्या छत्रीनं पहिली उडी 6 जून 1942 रोजी ॲडेलिन ग्रे या अमेरिकन बाईनं मारली. ती छत्र्यांची घडी घालणारी आणि दुरुस्ती करणारी परवानाधारक कारागीर होती. कापडाची ओळख जिच्या हाताला होती, तिनंच त्या कापडावर जीव टाकून पाहिला.

आता भाचीच्या विंगसूटकडे येते. हा पंख असलेला अंगरखा. हात आणि धड यांच्यामध्ये दोन पंख, पायांमध्ये एक. कापडाच्या कप्प्यांत हवा भरली की ते ताठ होतात आणि माणूस सरळ खाली न पडता पुढे सरकत जातो. नुसतं पोटावर पडताना वेग ताशी सुमारे 200 किलोमीटर असतो. विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग पुष्कळ कमी होतो, कुशल माणसाचा ताशी 100 च्याही आत.

या अंगरख्याचा इतिहास वाचताना मात्र पोटात गोळा येतो. फ्रान्झ रायखेल्ट हा पॅरिसमधला शिंपी. अंगावर घालायची छत्री त्यानं शिवली. बाहुल्यांवर केलेले प्रयोग फसत होते. बाहुलीच टाकू असं सांगून परवानगी घेतली आणि 4 फेब्रुवारी 1912 रोजी आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावरून स्वतःच उडी मारली. कापड उघडलंच नाही. अमेरिकेचा क्लेम सोन कापडी पंख लावून उडे. 25 एप्रिल 1937 रोजी पॅरिसजवळ व्हँसेनला गर्दीसमोर त्याची मुख्य छत्रीही उघडली नाही आणि राखीवही. आजचा विंगसूट ज्यानं घडवला, तो फ्रान्सचा पात्रिक द गायार्दाँ हजारो उड्यांचा धनी होता. 13 एप्रिल 1998 रोजी हवाईमध्ये तो गेला. आपल्या छत्रीच्या पिशवीत त्यानं स्वतः बदल केला होता, त्यात चूक राहिली होती.

मैत्रिणींनो, इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. यातला एकही माणूस भित्रा नव्हता. शेवटचा तर अडाणीही नव्हता. मग कमी काय पडलं?

आपल्यात साधू-साध्वीजी रोज सकाळ-संध्याकाळ पडिलेहण करतात. वस्त्र उघडायचं, दोन्ही बाजूंनी पाहायचं, एखादा जीव तर नाही ना, मग पुन्हा घडी. कालच पाहिलं होतं म्हणून आज सोडत नाहीत. चाळीस वर्षं दीक्षेला झाली म्हणूनही सोडत नाहीत. आपण बायका पाणी गाळतो, पीठ चाळतो, तीही तीच जयणा. मला वाटलं, आकाशातल्या माणसांना नेमकं हेच लागतं. तिथं फरक एवढाच की वाचवायचा जीव आपला स्वतःचा असतो.

त्यांच्या नियमांतही हेच दिसतं. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचा पहिला परवाना किमान 25 उड्यांनंतर मिळतो आणि विंगसूटला हात लावायचा तर किमान 200 उड्या हव्यात. का? कारण विंगसूट घातला की सगळी जुनी सवय उलटी पडते. हात पंखात अडकलेले असतात, छत्रीच्या पट्ट्या धरायच्या तर आधी साखळी उघडावी लागते. पाठीमागे हवेचा मोठा भोवरा तयार होतो. मुख्य छत्रीला बाहेर ओढणारी जी छोटी छत्री असते ती त्या भोवऱ्यात लोंबकळत राहू शकते, म्हणून ती मोठी आणि तिची पट्टी लांब घ्यावी लागते. मुख्य छत्रीही शांतपणे उघडणारी हवी, चपळ नको. हे सगळं हातांना आपोआप कळायला उड्या लागतात. कोणी पहिल्याच पर्युषणात अठाई करत नाही. आधी एकासणं, मग उपवास, मग तेला. अंगाला ओळख होऊ द्यावी लागते.

यंत्राचंही तसंच. 1991 मध्ये जर्मनीत सायप्रेस नावाचं छोटं यंत्र आलं. माणूस बेशुद्ध पडला, छत्री उघडायची राहिली, तर जमिनीपासून सुमारे 225 मीटरवर ते आपणहून राखीव छत्री उघडतं. त्यानं पुष्कळ जीव वाचवले. पण ते वेग मोजतं. ताशी सुमारे 126 किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं पडत असाल तरच त्याला धोका कळतो. विंगसूटमध्ये वेग त्याच्या खाली असतो, तेव्हा ते गप्प राहू शकतं. पाठीवर रक्षक आहे या भरवशावर उडी मारावी आणि रक्षकाला संकटच दिसू नये!

बिल बूथ नावाच्या अमेरिकन कारागिरानं बिघडलेली मुख्य छत्री क्षणात सोडून देता येईल अशी तीन कड्यांची युक्ती 1970 च्या दशकात काढली. साधनं जितकी सुरक्षित होतील तितकी माणसं जास्त जोखीम घेतील, असा इशाराही त्यानंच देऊन ठेवला. तसंच झालं. साधनं सुधारल्यावर लोक लहान, वेगवान छत्र्या घेऊ लागले आणि धडधाकट उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीला टेकताना मरू लागले. मला आमची गोटमार आठवली. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले होते प्रशासनानं. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. साधन बदललं, मन तेच राहिलं.

आपल्या देशातल्या बाया या वाटेवर कमी नाहीत. हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी 1959 मध्ये छत्रीनं उडी घेतली, त्या भारताच्या पहिल्या महिला पॅराट्रूपर. रेचल थॉमस यांनी 1979 मध्ये सुरुवात केली आणि 2002 मध्ये उत्तर ध्रुवावर उतरल्या. पुण्याच्या शीतल महाजन यांनी तर 18 एप्रिल 2004 रोजी आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंशांत, 2400 फुटांवरून मारली. ते वाचून भाची म्हणाली, "बघ, त्यांनी कुठं 200 मोजल्या?" मी म्हटलं, "तू एकच दिवस बघतेस. पुढची वीस वर्षं बघ." त्यांनी त्यानंतर शेकडो उड्या घेतल्या, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून उतरल्या. 2018 मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा आधी साडी, तिच्यावर छत्रीचे पट्टे, मग हेल्मेट, चष्मा, बूट असा सगळा क्रम होता. नऊवारीचा सुटा पदर दोरीत अडकला तर काय होईल हे नेसणारीलाच कळतं. सासूबाईंना मी तो फोटो दाखवला. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "कासोटा घट्ट घातला हाय बाईनं."

शेवटी मी भाचीला 'नको' म्हटलं नाही. बहीण अजून माझ्यावर थोडी नाराज आहे. मी पोरीकडून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. 200 च्या आत पंख अंगावर घालायचे नाहीत. छत्री मोठी आणि संथ घ्यायची, मैत्रिणीची लहान आहे म्हणून आपली लहान करायची नाही. आणि मन नसेल, वारा नसेल, घडीबद्दल जराशी शंका असेल, तर विमानात बसूनच खाली यायचं, त्यात लाज नाही.

तिनं रीतसर शिक्षण सुरू केलं आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, एकतीस झाल्या." आनंद झाला, आणि काळजीही तितकीच वाटली. ती जाणार नाही आणि जाऊही नये बहुधा.

सासूबाईंनी हात पुढे करून फोन मागितला. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी विचारलं, "काव वं, तुया छत्रीची घडी कोनं घातली?"

"मीच घातली, आजी. शिक्षकांनी तपासली."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पन उद्या पुन्हा उघडून पाह्यजो."