तळटीप ७ : सिझारिओ

७. सिझारिओ : शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' (लेखन सुमारे १६०१) या सुखात्मिकेत व्हायोलाने पुरुषवेशात घेतलेले नाव. जहाज फुटून ती एड्रिॲटिकच्या पूर्व किनाऱ्यावरील इलिरियात येते, ड्यूक ओर्सिनोच्या चाकरीत राहते आणि मनोमन त्याच्यावरच प्रेम करू लागते. त्याचा प्रेमनिरोप घेऊन ती ऑलिव्हियाकडे जाते, तर ऑलिव्हिया या 'तरुणा'वरच भाळते. प्रस्तुत उल्लेख दुसऱ्या अंकातील अंगठीच्या प्रसंगाचा आहे : ऑलिव्हियाने मॅल्व्होलिओकरवी अंगठी धाडताच आपल्या वेशाने केलेला घोटाळा व्हायोलाला उमगतो. पुढे तिचा जुळा भाऊ सेबॅस्टियन यालाच सिझारिओ समजून ऑलिव्हिया त्याच्याशी लग्न करते. त्या काळी इंग्लंडच्या सार्वजनिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगेच करीत. म्हणजे येथे मुलगा स्त्री होतो आणि ती स्त्री पुन्हा पुरुष. हे दुहेरी वेशांतर ध्यानात घेतल्याशिवाय या प्रवेशाची खुमारी कळत नाही. 'व्हायोला' हे नाव तर पाचव्या अंकापर्यंत रंगमंचावर कोणी उच्चारतही नाही. प्रेक्षकाच्या कानी 'सिझारिओ'च पडत राहते. २ फेब्रुवारी १६०२ रोजी लंडनच्या मिडल टेंपलमध्ये झालेल्या प्रयोगाची नोंद जॉन मॅनिंगहॅमच्या रोजनिशीत आहे. संहिता १६२३ मध्ये प्रथम छापली गेली.