मोडशीपासून कोरोनापर्यंत : आमचा घरचा डॉक्टर

एप्रिल २०२० मधली गोष्ट. डिचोलीतल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप लागले. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मी चारचौघांत म्हणालो, "एरव्ही पन्नास माणसे बसवून ठेवतात, आणि आता गरज पडली तर दार बंद!" समोरच्यांनी माना डोलावल्या. गावभर हीच तक्रार होती.

आठ-दहा दिवसांनी दार उघडले. व्हरांड्यात दोरी बांधलेली, दोरीपलीकडे एक खुर्ची, आणि अंगावर रेनकोट चढवून बसलेले आमचे साठीतले डॉक्टर. पीपीई किट त्यांना कुठे मिळालाच नव्हता. पावसाळ्याआधीच रेनकोट घातलेला माणूस पाहून मला आधी हसू आले, आणि नंतर माझ्याच बोलण्याची लाज वाटली. ती लाज मनात राहिली म्हणून पुढे साथींच्या इतिहासाची पाने चाळू लागलो. सरकारी कारकुनाला जुन्या कागदांची सवय असतेच.

पहिले पान अगदी आपल्या भाषेचे निघाले. पोट बिघडले की आपण 'मोडशी झाली' म्हणतो. १५४३ मध्ये गोवा शहरात पटकीसारखी भयंकर साथ आली. तिचे वर्णन करताना गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने हाच आपला शब्द वापरला. पुढे गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मूळ शब्द इथला आहे आणि पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशी' केले, असे त्यात नोंदवले आहे. फ्रेंचांनी तर त्याचे 'मॉर द शिएन', म्हणजे कुत्र्याचे मरण, करून टाकले! कोरेया आणखी एक गोष्ट सांगतो. मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवू नयेत, असा हुकूम गव्हर्नरने काढला होता. लोक घाबरू नयेत, हे कारण. साथीत खरा आकडा झाकण्याची खोड चार-पाचशे वर्षे जुनी आहे म्हणायची.

त्या काळी घरोघर जाणारे कोण? इथले वैद्य. पोर्तुगीज त्यांना 'पंडित' म्हणत. धर्मसभा ख्रिस्ती लोकांना त्यांच्याकडे जाण्याची मनाई करीत आणि आजारी पडले की मोठमोठे अधिकारी त्यांनाच बोलावीत. १६१८ मध्ये शहराच्या सेनादोने या वैद्यांना परीक्षा आणि परवाना सक्तीचा केला, त्यांची संख्याही तीसवर बांधून ठेवली. वैद्य हवा, पण त्याच्यावर विश्वास नको, असा हा सगळा कारभार.

१८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा निघाली. तिथून शिकून निघालेले डॉक्टर आफ्रिकेपर्यंत पोचले. आमच्या नव्या काबिजादीत, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरीत, मात्र बराच काळ काढा आणि चाटणावरच भागवावे लागले. तरी याच पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावच्या एका मुलाने मुंबईत नाव काढले. ते डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. मांद्रेच्या किनाऱ्यावर येणाऱ्या किती पर्यटकांना हे ठाऊक असेल?

पण साथीच्या संदर्भात ज्यांची आठवण व्हायला हवी ते दुसरे गोमंतकीय, बार्देशातल्या हडफड्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस. ते मुंबईत मांडवी भागात प्रॅक्टिस करीत. सप्टेंबर १८९६ मध्ये त्या वस्तीत तापाने माणसे पटापट मरू लागली. एका रुग्णाच्या खाटेजवळ जाऊन त्यांनी जांघेतली गाठ पाहिली आणि सांगितले, हा गाठीचा प्लेग आहे. हे निदान बंदराच्या व्यापारावर घाव घालणारे होते. साहजिकच त्यावर शंका घेतल्या गेल्या. पण तज्ज्ञांनी तपासले आणि व्हिएगसच बरोबर ठरले. पुढे वस्ती साफ करा, उंदीर मारा, म्हणून त्यांनी आवाज उठवला. हाफकिनची लस आल्यावर सुमारे अठरा हजार लोकांना त्यांनी स्वतः टोचली, असे सांगतात. १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

मला यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की प्लेग पहिल्यांदा ओळखला तो एका खाजगी डॉक्टरने, रुग्णाच्या घरी. शेजारच्या खोलीत काल कोण गेले आणि परवा कोण आजारी पडले, हे वस्तीत फिरणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याच साथीत पुण्याजवळ आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यासाठी रुग्ण आणता-आणता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या.

याच प्लेगमुळे ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. तो मी वाचला. अवघी चार कलमे! सरकारला वाटेल ते नियम करण्याची मुभा, न पाळणाऱ्याला शिक्षा, आणि कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही ही हमी. डॉक्टरावर कोणी हात उचलला तर काय, याबद्दल अक्षर नाही. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे तो कायदा इथला नव्हता. २०२० मध्ये देशभर टाळेबंदीचे नियम निघाले तेव्हा मात्र राज्यांनी हाच कायदा हाताशी घेतला. आणि डॉक्टरांवर दगड पडू लागले तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी त्यात अध्यादेशाने दुरुस्ती झाली. हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद. डॉक्टरचे नाव या कायद्यात यायला १२३ वर्षे लागली.

आमच्याकडे पत्रादेवी आणि दोडामार्गच्या नाक्यांवर अडसर पडले. पेडण्याची सोयरीक बांदा-सावंतवाडीशी, डिचोलीची दोडामार्गाशी. औषधपाण्याचे येणे-जाणेही याच वाटांनी. हे सगळे एका रात्रीत तुटले. मग आधार उरला तो गावातल्या डॉक्टरचा आणि त्याच्या फोनचा.

दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, गोव्यात तपासलेल्या दर दोन नमुन्यांतला एक बाधित निघत होता. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळेत गोमेकॉत २६ रुग्ण दगावल्याचे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. त्याच आठवड्यात आई आणि मी दोघेही पॉझिटिव्ह होतो. डॉक्टरांचा फोन सकाळी आठला आणि रात्री नऊला. ऑक्सिजनचा आकडा विचारायचे, मग आईची झोप, जेवण, शेवटी "कंटाळा आला का?" आई पलंगावरून विचारायची, "दोतोर कितें म्हणटा?" मी सांगायचो, "बरी आहेस म्हणतात." सरकारने त्या दिवसांत सर्व प्रौढांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने त्याविरुद्ध सावध केले होते. मी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गोळीपेक्षा आकड्यावर लक्ष ठेव. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर मध्यरात्रीसुद्धा उठव मला." आकडा ब्याण्णवला एकदाच आला, तोही पहाटे तीनला. दुसऱ्या रिंगला त्यांनी फोन उचलला. पालथे झोपवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, म्हणाले. तो अर्धा तास त्यांनी फोन ठेवला नाही. आकडा पंच्याण्णववर आला. आई आज आहे.

आता हिशेबाची बाजू. केंद्राने मार्च २०२० मध्ये कोरोनाशी लढणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला. नवी मुंबईत महापालिकेने ३१ मार्चला नोटीस काढून दवाखाने उघडे ठेवायला सांगितले, नाहीतर गुन्हा. तिथल्या एका आयुर्वेदिक डॉक्टरने दवाखाना चालू ठेवला आणि जूनमध्ये कोरोनाने त्यांचा बळी घेतला. पत्नीने विमा मागितला तर उत्तर आले, तुमच्या पतींची सेवा सरकारने 'अधिग्रहित' केली नव्हती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच म्हटले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की त्या काळातले कायदे आणि हुकूम पाहता डॉक्टरांची सेवा अधिग्रहितच होती. प्रत्येक दाव्यात मृत्यू कोरोनाच्या कामातच झाला, हे पुराव्याने दाखवावे लागेल. घरचा माणूस गेल्यावर साडेपाच वर्षांनी!

मी वीस वर्षे सरकारी टेबलावर बसतो. एका शब्दासाठी फाईल कशी परत जाते हे मला चांगले कळते. पण दार बंद ठेवल्यास गुन्हा आणि उघडे ठेवून मेल्यास 'स्वेच्छेने', हा न्याय मलाही पचत नाही. १६१८ सालच्या सेनादोच्या टेबलावरचा कारकून मला ओळखीचा वाटला तो इथे.

बरे झाल्यावर फीचे विचारायला गेलो. फोनवरच्या तपासणीची फी त्यांनी घेतली नाही. आईने अंगणातला बरका फणस पाठवला होता, तो घेतला. मी दोरीअलीकडे उभा राहून गेल्या वर्षीच्या माझ्या त्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, त्या आठ दिवसांत मी खरोखरच घाबरलो होतो." आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.