नळाचा जोर आणि नहरींचा धडा

घरातल्या नळाची धार अचानक करंगळीएवढी झाली की आपण म्हणतो, पाणीच कमी झालं. इतिहास वेगळं सांगतो. बुऱ्हाणपूर आणि औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) या दोन्ही शहरांत सतराव्या शतकात पंपाशिवाय, निव्वळ उतारावर पाणी खेळवलं गेलं. बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल भुयारांतून आणलं; वरच्या कुंड्यांमधून भुयारात हवा खेळे. औरंगाबादेत मलिक अंबरने सुरू केलेल्या नहरींच्या व्यवस्थेत उंच मनोरे उभे राहिले. नळातलं पाणी मनोऱ्यात वर चढे, कोंडलेली हवा माथ्यावर सुटे, जादा दाब ओसरे आणि पाणी पुढच्या नळात उतरे. म्हणजे साठ्याइतकीच काळजी वाटेचीही घेतलेली होती.

कुणी म्हणेल, तेव्हा वस्ती थोडी. आजच्या शहराशी तुलना कशाला? आक्षेप रास्त आहे, त्या नहरींवर आजची गरज भागणार नाही. पण पाण्याचा स्वभाव बदललेला नाही. उंची, गळती, गाळ आणि अडकलेली हवा यांवर जोर आजही अवलंबून असतो. म्हणून शेजारीही धार बारीक असेल, तर दोष बहुधा मुख्य वाहिनीत. एकाच तोटीला असेल, तर तिच्या जाळीत. फक्त आपल्या घरभर असेल, तर व्हॉल्व्ह किंवा टाकीचा नळ तपासावा. थेट वाहिनीला मोटर लावणं मात्र शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढणं आहे. नव्या पाणीयोजनांत टाकीबरोबर वाहिनीच्या देखभालीचीही तरतूद झालीच पाहिजे.