वाटेवरचा मुलूख

दिवाळीची खरेदी करून घरी आलेल्या गृहस्थाची पिशवी एकदा निरखून पाहावी. तीत उटणे असते, अत्तराची कुपी असते, धूप असतो, मुलीसाठी काचमण्यांची माळ असते, सवड असेल तर पोवळ्याची अंगठी असते, आणि सगळ्यांच्या तळाशी नवे कापड असते. एकाच पिशवीत दहा दुकानांचा पचमेळ माल! अशीच एक अवाढव्य पिशवी दोन हजार वर्षांपूर्वी दरसाल पावसाळा ओसरता ओसरता आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत असे. ती म्हणजे मिसर देशाहून तांबड्या समुद्राच्या वाटेने येणारी गलबते.

त्या गलबतांत काय भरलेले असे, हे आपल्याला नेमके ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरमधील कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरी वाटाड्याची पोथी लिहिली. भडोचच्या बंदरात कोणता माल खपतो याची यादी तो किराणा दुकानदाराच्या निर्विकारपणे देतो: इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सुगंधी राळ, मनशीळ, सुरमा, हातभर रुंदीचे रंगीत पट्टे आणि सोन्यारुप्याची नाणी. परतीच्या वाटेवर भरावयाचा माल निराळा: जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, रेशीम, पिंपळी आणि तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड. आमच्या मुलखाचाही त्यात वाटा होता. पैठणहून अकीक निघे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, तेथून जाडेभरडे कापड आणि मलमल निघे.

या व्यापाराचे घड्याळ वाऱ्याच्या हाती होते. जुलैत मिसर सोडावे, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन सप्टेंबरच्या सुमारास हिंदुस्थान गाठावे, आणि डिसेंबर-जानेवारीत उलट्या वाऱ्याने परतावे, असा तो क्रम होता. म्हणजे आपली दिवाळी नेमकी मधल्या मुक्कामात येते. गलबते बंदरात उभी, उतरलेला माल वर जावयाचा, देशावरचा माल खाली यावयाचा, आणि वारा फिरण्यापूर्वी हे सारे उरकावयाचे! त्या दिवसांत घाटवाटांवर काय झुंबड उडत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

घाटवाटा म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके येतात, मुरबाड आणि शहापूर. सह्याद्री ही बंदर आणि बाजारपेठ यांच्यामध्ये उभी असलेली भिंत आहे, आणि या भिंतीच्या दोन दारांचे उंबरठे या दोन तालुक्यांत उतरतात. जुन्नरहून निघणारी वाट नाणेघाटाने वैशाखऱ्याजवळ मुरबाडात उतरते आणि कल्याणच्या खाडीकडे जाते. नाशिकहून निघणारी वाट थळघाटाने कसाऱ्याला शहापुरात उतरते. तेथून कल्याणही गाठता येते आणि सोपाराही.

नाणेघाट मी पायांनी उतरलो आहे. वर जीवधनचा किल्ला पहारा करतो, शेजारी नानाचा अंगठा आभाळात रोवलेला आहे, आणि त्यांच्या आडोशाने दगडांनी बांधून काढलेली अरुंद नाळ थेट कोकणात कोसळते. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यात नाणे टाकावे आणि पुढे व्हावे. जवळच सातवाहनांची गुहा आहे. तिच्या मागील भिंतीवर एके काळी राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. १८२८ मध्ये साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याची त्यावर नजर गेली आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो वाचला. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची मोजदाद आहे: एके ठिकाणी १०,००१ गाई, दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापणे. शून्याचे चिन्ह नसतानाही हे आकडे अंकचिन्हांत कोरलेले आहेत.

राणीने हा हिशेब राजधानीतल्या एखाद्या मंदिरात न कोरता व्यापाऱ्यांच्या वाटेवर का कोरला? मला वाटते, ज्या वाटेने खजिना भरत होता त्या वाटेलाच आपले वैभव दाखवावे, हा राजघराण्याचा व्यवहारी शहाणपणा होता. पण गुहेपेक्षाही माझे मन तेथील पाण्याच्या टाक्यांवर अधिक बसले. कातळात खोदलेली ती टाकी घाट चढून दमलेल्या माणसाला आणि ओझ्याच्या जनावराला जीवदान देत असली पाहिजेत. रांजण घेण्यासाठी आणि टाकी देण्यासाठी: दोन्ही एकाच कातळावर!

घाटाखालच्या बंदराचा पैसा घाटावर किती दूर पोचला होता, याची साक्ष लेण्याद्रीला मिळते. गिरिजात्मजाच्या दर्शनाला आपण जातो, त्याच्या शेजारीच एक देखणे चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याचा, पुत्र सुलसदत याने दान दिल्याचे तेथील लेख सांगतो. खाडीकाठचा हा माणूस ज्या जुन्नरला दान करतो, त्या जुन्नरची वाट मुरबाडच्या रानातूनच वर चढते.

आणि तरीही हा वाहता झरा एकदा बुजला. पेरिप्लसकार लिहितो की, थोरल्या सातकर्णीच्या काळी कल्याण हे राजमान्य बंदर होते. पुढे ते संदनेसच्या हाती गेले आणि तेथील व्यापाराची नाकेबंदी झाली. एखादे ग्रीक जहाज चुकून तेथे लागलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेण्यात येई. राज्यकर्त्यांच्या या चढाओढीचा भुर्दंड कोणाला बसला? पैठणचा माल गाड्यांवर घालून वीस दिवसांच्या मजलांनी, बिनरस्त्याच्या प्रदेशातून भडोचला न्यावा लागे. तेरचे कापड तर त्याच्याही अलीकडे दहा दिवसांवर विणले जाई. प्लिनी हा रोमन लेखक तक्रार करतो की, हिंदुस्थान दरसाल आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तेथला जिन्नस आमच्याकडे शंभरपट किमतीला विकला जातो. त्या शंभरपटीतील किती दाम विणकराच्या आणि ओझेवाल्याच्या पदरी पडत असेल, हे सांगायला प्लिनीची गरज नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. नाण्यावरचा मुखवटा पालटला आणि वाटांचा धनीही पालटला. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची, सोनाराची, लोहाराची दाने पाहिली की बंदरात पुन्हा जीव आल्याचे दिसते. सहाव्या शतकात कॉस्मस हा ग्रीक लेखकही कल्याणचे पितळ, शिसवी लाकूड आणि कापड यांची नोंद करतो.

नहपान सातवाहनांचा शत्रू खरा. परंतु त्याच्या घरातील एक गोष्ट विसरता येत नाही. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात आपल्या दानधर्माची नोंद ठेवली आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली; तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा नद्यांवर फुकट तरी ठेवल्या; आणि त्यांच्या दोन्ही काठांवर निवारे आणि पाणपोया घातल्या. गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर आणि शूर्पारक म्हणजे सोपारा. या दोहोंना जोडणारी जवळची वाट शहापूरच्या डोंगरउतारावरून जाते. दोन घराणी रणांगणावर एकमेकांच्या जिवावर उठलेली, पण एका बाबतीत दोघांचे एकमत: ज्या वाटेचे उत्पन्न खावयाचे, त्या वाटेवर पाणी ठेवावयाचे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आपली जहाजे बांधावयास घेतली. घाटांवरून मीठ वर आणि धान्य खाली असा बैलांच्या पाठीवरचा व्यापार चालू राहिला. मग आगगाडी आली. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून ती वर चढली. शहापूर तालुक्याला रूळ मिळाले. मुरबाड दोन रुळांच्या बेचक्यात राहिले, आणि नाणेघाटातील घुंगरांचा नाद हळूहळू थांबला.

आज पचमेळ माल लोखंडी पेटीतून परदेशी जातो. भिवंडीच्या गोदामांत एकाच कंटेनरमध्ये दहा जणांचे खोके रचले जातात, कोणाचे कापड, कोणाची भांडी, कोणाचा फराळ. पेटीला मोहोर लागते आणि ती १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे जाते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरची ती वाट शहापूर तालुक्यातून भरधाव खाली उतरली. जुनी वाट तीच, वेग मात्र असा की वाटेवर थांबावयाचे कोणाला कारणच उरलेले नाही.

याच शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते. आणि चैत्र-वैशाखात तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. माल या मुलखातून पूर्वीही जात होता आणि आजही जातो. आता पाणीही जाते. जकातीची व्यवस्था आपण सातवाहनांपेक्षा पुष्कळ सुधारली, यात शंका नाही. टाक्यांच्या बाबतीत मात्र अजून त्यांच्याकडून शिकावे लागेल. उद्या अभ्यंगस्नानाच्या पहाटे मुंबईत ऊन पाण्याचे घंगाळ भरेल, तेव्हा ते पाणी कोणत्या वाटेने आले याची आठवण घराघरांतून निघाली, तर नाणेघाटाच्या कातळावरचा तो धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.