पक्का रंग आणि तांबे

एके काळी आमच्या वऱ्हाडात आलीच्या मुळ्या कुटून खारव्याला तांबडा रंग चढवीत. १८५६ साली लंडनमध्ये पर्किनला डांबरातून जांभळा रंग गवसला. १८६८ साली जर्मनीत कृत्रिम अलिझरीन तयार झाले, आणि आलीची शेती मागे पडली. नवा रंग विटत नसे, हीच त्याची ख्याती. पण नदीत उतरल्यावर तोच गुण दोष ठरला. इचलकरंजीच्या पंचगंगेलाच विचारावे!

उतारा मात्र झाडाच्या चिकात होता. जपानी रोगणाच्या झाडाचा चीक घट्ट करणारे विकर योशिदाने १८८३ साली ओळखले. फ्रान्सच्या बर्त्राँने त्याला ‘लॅकेज’ हे नाव दिले, पण त्याचे बळ मँगनीजचे मानले. ते तांब्याचे आहे, हे केलिन व मान यांनी १९३९ साली दाखविले. तांब्याचे चार अणू रंगाच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून प्राणवायूला देतात. प्राणवायूचे पाणी होते, रंग मोडतो.

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांतही पावसाळ्यात ओंडके कुजतात. लाकूड पांढरे करणाऱ्या बुरशीजवळ हेच विकर असते. मात्र रंगशाळेच्या सांडपाण्यातले मीठ त्याला सोसत नाही. म्हणून बुरशीवर हवाला टाकून चालणार नाही. रंग ज्याने चढविला, त्यानेच तो उतरवूनही द्यावा. नदीने किती दिवस धुवावा?